अंजिराचे झाड आणि आणखी एक वर्ष



गावावर संकट आले की एक वाक्य हटकून कानावर पडते. पावसाने डोळे वटारले, साथ आली, भुई हलली, की पारावर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतोच, "कुणाचे तरी पाप भोवले बघा." वाक्य साधे आहे. पण त्यातला 'कुणाचे तरी' हा शब्द बोलणाऱ्याच्या फार सोयीचा असतो. त्यात बोलणारा स्वतः कधी नसतो. पाप असते ते खालच्या आळीचे, परक्या जातीचे, शहरात जाऊन आलेल्या पोरांचे, नाहीतर शिकलेल्या बायकांचे. एकदा ते दुसऱ्याच्या नावावर चढवले, की आपण पुन्हा तंबाखू मळायला मोकळे.

१९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांना भूकंपाचा धक्का बसला. गणपती बोळवून माणसे नुकती कुठे निजली होती. लातूर जिल्ह्यातली आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. का गेली? इंजिनिअर मंडळींनी पाहणी करून सांगितले, की दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे, अशी ती घरे होती. ती निजलेल्या माणसांच्या अंगावर बसली. या उत्तरात पापाचा संबंध कुठे येत नाही. आणि तरीही ज्याचे घर वाचले, त्याच्या मनाच्या कोपऱ्यात 'आपण काहीतरी बरे केले असेल' असे येतेच, आणि ज्याची पोरे गेली तो जन्मभर स्वतःला विचारत राहतो, 'माझेच काय चुकले?' दोन्ही बाजूंनी हा हिशेब माणसाला छळतो.

थोरामोठ्यांनाही तो चुकलेला नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध दौरा करीत दक्षिणेत फिरत होते. ते म्हणाले, की हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने केलेला दंड आहे. रवींद्रनाथ ठाकुरांना हे मुळीच पटले नाही. सृष्टीतल्या घडामोडींचा असा नैतिक अर्थ लावणे बरे नव्हे, असे त्यांनी उघड लिहिले, आणि गांधीजींनी ते आपल्याच 'हरिजन' पत्रात, सोबत आपले उत्तर देऊन, छापले. या वादात मला रवींद्रनाथांची बाजू बरोबर वाटते. मोतीहारीच्या झोपडीत दबून मेलेले पोर अस्पृश्यता पाळणाऱ्यांत मोडत नव्हते. पण गांधीजींचे एक सांगायलाच हवे. त्यांनी बोट दाखवले ते स्वतःच्या समाजाकडे. त्यांच्या वाक्यात 'कुणाचे तरी' नव्हते, 'आपले' होते. हा फरक लहान नाही, आणि आजच्या विषयाची नाडी इथेच सापडते.

ख्रिस्ती धर्मात पाप, पश्चात्ताप आणि कृपा या तीन शब्दांना फार मोठे स्थान आहे, हे आपण ऐकून असाल. ते शब्द मराठी मनाला परके नाहीत. आपल्या संतांनी स्वतःला पतित म्हणवून घेतले आणि देवाला पतितपावन म्हटले. मराठीतले थोर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असेच म्हणत. तेव्हा मी सांगतो ते कानांना नवे वाटणार नाही. फक्त त्यातला क्रम नीट पाहावा, एवढेच मागणे आहे.

येशूपुढेही हा प्रश्न आलेला होता. लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात तो प्रसंग आहे. काही माणसे बातमी घेऊन आली. पिलात या रोमन सुभेदाराने गालील प्रांतातली काही माणसे यज्ञ करीत असतानाच कापून काढली होती. बातमी सांगणाऱ्यांच्या मनात काय होते ते येशूने ओळखले, आणि तोच उलट विचारू लागला: ती माणसे इतर गालीलकरांपेक्षा जास्त पापी होती, असे तुम्हाला वाटते काय? आणि मग त्याने आपण होऊन दुसरे उदाहरण काढले. यरुशलेममध्ये शिलोह येथे एक बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती काय शहरात सर्वांहून अपराधी होती? दोन्ही वेळा त्याचे उत्तर एकच, आणि ते स्वच्छ आहे: नाही.

किल्लारीच्या भिंती आठवून हे वाचावे. एक संकट राजाच्या जुलुमाचे, दुसरे कोसळलेल्या दगडांचे. आणि दोन्हींत मेलेल्यांच्या कपाळावर पापाची चिठ्ठी डकवायला येशूने साफ नकार दिला. दुसऱ्या एका ठिकाणी, योहानाच्या शुभवर्तमानात, जन्मांध माणूस पाहून खुद्द त्याचे शिष्यच विचारतात, की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? तिथेही उत्तर तेच: याचेही नाही आणि त्यांचेही नाही.

इथवर ऐकून सुटल्यासारखे वाटते. पण तेराव्या अध्यायातले बोलणे इथे थांबत नाही. 'नाही' म्हटल्याबरोबर तो त्याच दमात ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि सांगतो, की तुम्ही मात्र फिरला नाहीत तर तुमचाही नाश ठरलेला आहे. म्हणजे मेलेल्यांचा पापपुण्याचा खटला त्याने काढून टाकला, आणि जिवंतांपुढे त्यांचा स्वतःचा खटला ठेवला. बातमी घेऊन आलेल्या मंडळींना हे आवडले नसणार.

'फिरणे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपण 'पश्चात्ताप' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे रडणे येते, छाती पिटणे येते. शब्दातच 'ताप' आहे, तो मागाहून होणारा. 'प्रायश्चित्त' म्हटले की काहीतरी फेडणे येते: उपास, दंड, दान. जुन्या हिब्रू ग्रंथांत यासाठी जो शब्द येतो, 'शूब', त्याचा अर्थ नुसता 'परत फिरणे' असा आहे. शिवेबाहेर वाट चुकलेला माणूस काय करतो? बसून रडला तर घरी पोचत नाही. दुसऱ्या कुणी वाट चुकवली म्हणून शिव्या देत बसला तरी पोचत नाही. तो पाठ वळवतो आणि आल्या वाटेने चालू लागतो. रडू आले तर चालता चालता यावे. ग्रीक भाषेत नव्या करारात जो शब्द आहे त्याचाही अर्थ मन पालटणे असाच आहे.

आणि पाप तरी काय? चोरी, खोटे, व्यभिचार ही पापे आहेतच, पण ख्रिस्ती विचारात ती फांद्या आहेत. मूळ हे, की माणूस देवाकडे आणि शेजाऱ्याकडे पाठ करून स्वतःपुरते जगू लागतो. म्हणूनच संकटाच्या काळात पाप फार सोज्ज्वळ दिसते. धान्याची कोठी बंद करून बसलेला माणूस काही चोरत नसतो. साथीच्या दिवसांत दाराला कडी लावून घेणारा कुणाला मारीत नसतो. अन्याय दिसत असताना मान खाली घालून जाणारा तर अगदीच निरुपद्रवी.

मान खाली घालून जाण्यावरून एक गोष्ट सांगतो, ती जर्मनीतली आहे. दुसरे महायुद्ध संपले ते १९४५ साली. जर्मनीची शहरे बॉम्बने उद्ध्वस्त झाली होती, लोक उपाशी होते, निर्वासितांचे लोंढे चालले होते. 'आमच्यावर किती अन्याय झाला' असे म्हणायला त्यांच्याजवळ पुष्कळ काही होते. त्या ऑक्टोबरमध्ये श्टुटगार्ट शहरी तिथल्या प्रॉटेस्टंट पंथाचे पुढारी जमले आणि त्यांनी एक कबुलीपत्र दिले. हिटलरच्या राजवटीत आम्ही अधिक धैर्याने बोललो नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक प्रेम केले नाही, असा त्याचा आशय. सही करणाऱ्यांत मार्टिन नीमोलर होते. हा माणूस हिटलरच्या विरोधात उभा राहिल्यामुळे १९३७ पासून १९४५ पर्यंत तुरुंगात आणि छळछावण्यांत राहिलेला. 'पाप त्यांचे' म्हणण्याचा हक्क कुणाला असेल तर तो याला. त्याने लिहिले 'आम्ही'. पुष्कळ जर्मन लोक या पत्रावर संतापले. आमची घरे पडली आणि वर कबुलीही आम्हीच द्यायची काय, असे म्हणाले. त्या पत्रातही उणे आहेच. ज्या ज्यू लोकांची लाखांनी कत्तल झाली त्यांचे नाव त्यात एकदाही नाही, आणि ही उणीव पुढे अनेकांनी दाखवून दिली. फिरणे कठीण असते. माणूस अर्धा फिरतो आणि थांबतो. तरी ढिगाऱ्यावर उभे राहून 'आम्ही' म्हणणे ही सुरुवात होती.

आता येशूच्या त्या बोलण्याकडे परत येऊ. 'फिरा, नाहीतर नाश' असे बजावल्यावर त्याने लगेच एक गोष्ट सांगितली. शेतकऱ्याला ती अर्ध्या शब्दात कळेल. एका माणसाने आपल्या द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड लावले होते. तीन वर्षे तो फळ पाहायला येई, आणि तीन वर्षे हात हलवीत परत जाई. शेवटी त्याने माळ्याला सांगितले, की तोडून टाक, उगाच जमीन कशाला अडवायची? मालकाचे म्हणणे अगदी रास्त आहे. आपल्या पुरंदर तालुक्यात अंजिराचे मळे आहेत. तिथल्या कुणा बागाईतदाराला विचारा, तो काही वेगळे सांगणार नाही. पण माळी म्हणतो, की धनी, एवढे एक वर्ष राहू द्या. मी याच्याभोवती खणतो, खत घालतो. पुढे फळ धरले तर बरेच, नाहीतर मग तोडा.

कृपा म्हणजे काय, हे मला या गोष्टीत जितके उमगते तितके मोठमोठ्या ग्रंथांत उमगत नाही. झाड निर्दोष आहे, असे माळी म्हणत नाही. त्याने मालकाला खोटे सांगितले नाही, 'फळ नसले तरी सावली आहे' अशी वकिलीही केली नाही. झाडाने काही कमावलेले नाही. त्याला मिळाले आहे ते एक वर्ष, आणि नुसते वर्ष नव्हे तर माळ्याचे हात, त्याची कुदळ, त्याचे शेणखत. आळे खणताना पाठ माळ्याची मोडणार आहे, झाडाची नाही. ख्रिस्ती माणूस क्रुसाकडे पाहतो तेव्हा त्याला हेच दिसते: श्रम आणि वेदना ज्याने सोसली तो अपराधी नव्हता.

खणण्यामुळे मुळांना धक्का लागतो, हेही खरे. कृपा काही नेहमी गोंजारणारी नसते.

क्रमाविषयी मी मघाशी बोललो. पुष्कळांची समजूत अशी, की आधी माणसाने पश्चात्ताप करावा, मग देव कृपा करील. जणू अर्ज केल्यावर मंजुरी. शुभवर्तमानातली जक्कयाची गोष्ट याच्या उलट आहे. जक्कय हा यरीहो गावचा मुख्य जकातदार. रोमन सरकारची वसुली करावी आणि वरचेवर आपला खिसा भरावा, ही या लोकांची रीत. म्हणून गावाला त्याचा तिटकारा. माणूस ठेंगणा होता. येशू गावातून चालला तेव्हा गर्दीत दिसेना, म्हणून हा श्रीमंत गृहस्थ पोरासारखा उंबराच्या झाडावर चढून बसला. येशूने वर पाहिले, नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरणार म्हणून सांगितले. लोक कुरकुरले, पाप्याच्या घरी पाहुणा? लक्षात घ्या, जक्कयाने तोवर एक शब्दही कबुलीचा उच्चारलेला नाही. हाक आधी आली. मग तो म्हणाला, की माझी अर्धी मालमत्ता मी गरिबांना देतो, आणि कुणाला फसवून घेतले असेल ते चौपट परत करतो. कृपा फुकट मिळाली, आणि त्याने तिजोरी उघडली. ज्याला कृपा मिळाली म्हणतो पण ज्याच्या मापात अजून खोट आहे, त्याची गोष्ट अर्धीच राहिली असे समजावे.

शिक्षक बंधुभगिनींना यात नवे काही नसेल. वर्गात खिडकीची काच फुटते. छडी हातात घेऊन 'कुणी फोडली?' असे विचारले तर चाळीस पोरे खाली पाहतात, आणि फोडणारा शेजाऱ्याकडे पाहतो. पण ज्या गुरुजींविषयी पोरांना खात्री असते की हे रागावतील पण टाकणार नाहीत, त्यांच्यापुढे एखादा उठून उभा राहतो. कबुलीला आधी भरवशाची जमीन लागते. काचेचे पैसे त्याने भरावेत की नाही, हा पुढचा प्रश्न. माझ्या मते थोडे तरी भरावेत.

हे सारे ज्यांच्या आयुष्यात आपल्याच मुलखात घडले, त्या पंडिता रमाबाईंविषयी आता थोडे सविस्तर सांगतो. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. पण त्यांच्याविषयी वाद इतके झाले, की त्या काळचे दुष्काळ बाजूलाच राहिले.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवायचे, हा त्यांचा निश्चय. आणि तीर्थे करीत, पुराणे सांगत कुटुंब देशभर फिरे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळाने त्यांना गाठले. होते नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले. अन्नावाचून आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले भाऊ श्रीनिवास आणि सोळा वर्षांच्या रमाबाई. दोघे पायी उत्तरेपर्यंत गेले. झेलम नदीच्या काठी थंडी असह्य झाली, तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून त्यांत ती भावंडे शिरली, आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून रात्र काढली. हे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे. १८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले आणि १८८२ त ते पटकीने गेले. पदरात लहानगी मनोरमा.

तेव्हाचे लोकमत आठवा. नवरा मेला तर ते बायकोचे पूर्वजन्मीचे पाप. पुढे अमेरिकेत असताना १८८७ साली रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यात विधवेवरच्या या आरोपाचे वर्णन आहे. शिलोहच्या बुरुजाखाली मेलेल्यांवर जो आरोप होता तोच हा, फक्त इथे तो जगलेल्या बाईवर होता, आणि रोज नव्याने होता.

१८८३ साली त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथल्या ख्रिस्ती भगिनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे एक आश्रम दाखवायला घेऊन गेल्या. ज्यांना समाज 'पतित' म्हणतो, ज्यांचे नाव घेणेही सभ्य लोक टाळतात, अशा बायकांसाठी तो होता. तिथे रमाबाईंनी पाहिले, की त्याच बायका आता आजाऱ्यांची आणि अपंगांची सेवा करीत आहेत. असे कुणी करते, हेच त्यांना ठाऊक नव्हते. तुम्ही यांच्यासाठी एवढे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, गावाने वाळीत टाकल्यासारखी ती बाई. आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

पण गोष्ट इथे संपली असे रमाबाई स्वतः मानीत नाहीत, आणि इथेच त्यांचा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. आपल्या आत्मकथनात त्या सांगतात, की मला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठ वर्षे गेली. या आठ वर्षांत त्या बुद्धीने वाद घालत होत्या. ज्या इंग्रज भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीही त्यांनी तत्त्वासाठी कडाक्याचे वाद घातले. नाव बदलले, प्रार्थना बदलली, तरी आपण आपल्याच बळावर चांगले व्हायचे आहे हे ओझे उतरले नव्हते. ते उतरले तेव्हा कृपा हा शब्द त्यांच्यासाठी पुस्तकातून बाहेर आला. आम्हा ख्रिस्ती लोकांत ज्यांना जन्मजात ख्रिस्ती असण्याचे समाधान असते, त्यांनी हे पान अवश्य वाचावे.

१८८९ त मुंबईला त्यांनी शारदासदन काढले, ते पुढे पुण्याला आले. पुढे धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ झाले, सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले, मुली काढून नेल्या गेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. आज त्यात शिरत नाही. संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला जमीन घेऊन फळबाग धरण्याचे ठरवले होते. तोच १८९६ चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतातून भयंकर बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंना आपला जुना दुष्काळ आठवला, आणि त्या निघाल्या. सरकारी अन्नछत्रे, गरीबखाने पाहत हिंडल्या. उपाशी पोरींना पळवून नेणारे लोक तिथे टपून बसलेले असत, हे त्यांनी पाहिले. पैसे नव्हते, जागा नव्हती. त्यांनी मुली आणायला सुरुवात केली. त्या वर्षात त्यांची संख्या तीनशेच्या आसपास गेली. पुण्यात प्लेग होता, तिथे इतकी माणसे ठेवता येईनात. म्हणून मुली केडगावच्या त्या शेतात नेल्या. झाडे लावायला घेतलेल्या जमिनीवर पोरी राहू लागल्या. ते 'मुक्ती'. पुढे १९०० साली गुजरात आणि राजपुतान्यात दुष्काळ पडला तेव्हा तिकडूनही मुली आणि बायका आल्या, आणि वस्ती जवळजवळ दोन हजारांवर गेली. विचार करा, दोन हजार माणसांची चूल, आणि तीही स्वतःच्या शेतावर दुष्काळ असताना. विहिरी खणल्या, हातमाग घातले, घाणा चालवला, छापखाना काढला.

तिथल्या घरांना दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. म्हाताऱ्या आणि अपंग बायकांचे प्रीतिसदन. अंधांचे बार्तिमी सदन, येशूला रस्त्यावर हाका मारणाऱ्या आंधळ्या बार्तिमयाच्या नावावरून. मनोरमाबाई परदेशातून ब्रेल शिकून आल्या होत्या. आणि ज्यांना जग पतित म्हणते त्या बायकांच्या घराचे नाव ठेवले कृपासदन. सुधारगृह म्हणता आले असते, पश्चात्तापगृह म्हणता आले असते. दारावर 'कृपा' लिहिले. फुलहॅमला जे पाहिले होते ते केडगावच्या माळावर मराठीत उभे राहिले, आणि आत येणारीला आधी तिच्या पापाचे नाव वाचावे लागले नाही.

१९०५ साली मुक्तीत एक मोठी धार्मिक जागृती झाली. शेकडो मुली मोठ्याने रडत, आपली पापे कबूल करीत, तासन्‌तास प्रार्थना करीत. देशोदेशी तिच्या बातम्या गेल्या. कुणाला ते फार अद्भुत वाटले, कुणाला अतिरेकी. माझे म्हणाल तर, ज्या पोरींनी आईबाप डोळ्यांपुढे मरताना पाहिले, ज्यांना रडायलाही कुणी सवड दिली नव्हती, त्या रडल्या यात मला विचित्र असे काही वाटत नाही. पण त्या रडण्याचे माप मी आवाजावरून घेणार नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीवर पीठ कोण दळते, आजारी मुलीचे अंथरूण कोण बदलते, यावरून घेईन. रमाबाईंचेही माप फार वेगळे नसावे; कारण त्यांच्याकडे प्रार्थनेच्या घंटेबरोबर कामाची घंटाही होत असे.

कृपेचा गैरफायदा घेता येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. देव क्षमा करतोच, मग काय हरकत आहे, असे म्हणणारे दर पिढीत निघतात. जर्मन धर्मपंडित डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ च्या आपल्या पुस्तकात याला 'स्वस्त कृपा' असे नाव दिले. ज्या कृपेने माणूस बदलत नाही, ज्याच्या मागे चालायचे त्याच्या मागे चालत नाही, ती. हिटलरविरोधी कटात सामील म्हणून ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. स्वस्त या शब्दाचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता.

अंजिराच्या झाडाचे पुढे काय झाले, ते लूकने लिहिलेले नाही. पुढच्या हंगामात फळ धरले की माळ्याने कुऱ्हाड उचलली, गोष्ट सांगत नाही. ती माळ्याच्या विनंतीवरच संपते. मालकाने 'बरे' म्हटले, हेसुद्धा आपणच गृहीत धरायचे.

केडगावच्या झाडाला मात्र फळ आले ते सांगतो. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत त्यांनी सबंध बायबलचे भाषांतर करायला घेतले. त्यात वर्षामागून वर्षे गेली. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर होऊन छपाईची तपासणीही शेवटाला आली होती. छापखाना मुक्तीचाच. खिळे जुळवणाऱ्या, कागद लावणाऱ्या, पाने घडी घालणाऱ्या सगळ्या तिथल्याच मुली आणि बायका. लूकचा तेरावा अध्याय, शिलोहचा बुरूज आणि ते अंजिराचे झाड, हेही त्यांनीच एकेक खिळा उचलून छापले.